सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचा वापरकर्ता कोण?

मार्च २०२४मध्ये रेडिस या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमागच्या कंपनीने त्याचा जुना, जवळजवळ सगळी मोकळीक देणारा बीएसडी परवाना बंद केला आणि पुढच्या आवृत्त्या मुक्तस्रोताच्या व्याख्येत न बसणाऱ्या परवान्यांखाली आणल्या. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की नावाने त्याची वेगळी शाखा निघाली. मे २०२५मध्ये रेडिसच्या आठव्या आवृत्तीला एजीपीएल या कॉपीलेफ्ट, म्हणजे कोड पुढेही खुलाच ठेवण्याची अट घालणाऱ्या, परवान्याचा पर्याय देऊन कंपनी बरीचशी मागे फिरली. या काळात जो वाद झाला तो दोन ठरीव बाजूंनी झाला. एका पक्षाचे म्हणणे असे, की क्लाउडवाल्या बड्या कंपन्या इतरांच्या श्रमावर आयती कमाई करतात, तेव्हा मूळ कंपनीने कुंपण घातले तर बिघडले कुठे? दुसऱ्याचे म्हणणे असे, की अनेकांनी मिळून वाढवलेल्या प्रकल्पाचा परवाना बदलणे हा विश्वासघात आहे. दोघेही तळमळीने बोलत होते, पण दोघांचाही विषय कमाई कोणाच्या खिशात जावी हाच होता. ज्या माणसाचे रोजचे काम अशा सॉफ्टवेअरवर चालते तो या वादात कुठेच नव्हता, आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली ती तर त्याच्यासाठी.

माझी भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. जे मुक्त सॉफ्टवेअर मुख्यतः सर्व्हरवर चालणार आणि ब्राउझरमधून लोकांपर्यंत पोहोचणार, त्याच्यासाठी जीपीएल हा जुना कॉपीलेफ्ट परवाना अपुरा आहे. अशा प्रकल्पाने एजीपीएल घ्यावा, पहिल्याच दिवशी घ्यावा आणि योगदान देणाऱ्यांचे प्रताधिकार एका हाती गोळा न करता घ्यावा. यातली शेवटची अट सर्वाधिक दुर्लक्षित आहे, आणि ती वगळली तर पहिल्या दोहोंचा फारसा उपयोग राहत नाही.

जीपीएल अपुरा का पडतो हे समजण्यासाठी तो काम कसे करतो ते पाहावे लागते. प्रताधिकाराचा कायदा नक्कल करण्यास, बदल करण्यास आणि वितरणास मालकाच्या संमतीशिवाय मनाई करतो. कॉपीलेफ्ट परवाना ती संमती सर्वांना देतो, पण एका अटीवर: प्रत पुढे द्याल तर तिच्यासोबत सोर्स कोड (प्रोग्रामचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर) आणि तेच हक्क पुढे द्या. म्हणजे अट जागी होते ती वितरणाच्या क्षणी. जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ची आणि दुसरी १९९१ची. त्या काळात सॉफ्टवेअर टेपवर, फ्लॉपीवर, पुढे सीडीवर हातात यायचे, आणि वितरणाशिवाय वापर ही कल्पनाच दूरची होती. त्या जगात ही अट चोख चालली. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने जीसीसी या मुक्त कंपायलरला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली तेव्हा तिला ती जोड बंदिस्त ठेवायची होती. आपला भाग सोर्सशिवाय द्यायचा आणि तो जीसीसीशी जोडण्याचे काम ग्राहकावर सोडायचे, अशी युक्तीही तिने सुचवली होती. जीपीएलमागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ती मान्य केली नाही, आणि ऑब्जेक्टिव्ह-सीचा कोड मुक्त झाला. २००३मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले, कंपनीला कोड द्यावा लागला, आणि त्याच कोडमधून ओपनडब्ल्यूआरटी हा आजही चालू असलेला प्रकल्प उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी अट लागू झाली, कारण काहीतरी वस्तू ग्राहकाच्या हाती पोहोचली होती.

वेबवर नेमके तेवढेच घडत नाही. प्रोग्राम दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहतो, तुमच्याकडे येतात ती फक्त पाने. जीपीएलच्या २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत तर हे शब्दांत नोंदवलेले आहे: प्रत हस्तांतरित न होता संगणकजाळ्यातून वापरकर्त्याशी नुसता संवाद होणे म्हणजे वितरण नव्हे. ब्राउझरमध्ये उतरणाऱ्या जावास्क्रिप्टला जीपीएल लागू होतो, कारण ती खरोखर तुमच्या यंत्रावर येते. पण हिशेब, नियम, क्रमवारी, परवानग्या असे ज्याला आपण प्रोग्रामचा गाभा म्हणू तो सर्व्हरवरच असतो. त्यामुळे ‘बीएसडीसारखा मोकळा एमआयटी घ्यायचा की जीपीएल’ यावर तासन् तास वाद घालणारे लोक वेब प्रकल्पाबाबत बऱ्याच अंशी फरक नसलेल्या दोन गोष्टींची तुलना करत असतात. सर्व्हरवर बदल करून ते लपवायचे असतील, तर दोन्ही परवाने सारखीच मोकळीक देतात.

एक प्रसंग कल्पून पाहू. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे हिशेब आणि कामकाज सांभाळणारे, आपल्याकडे चांगलेच ठाऊक असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा परवाना जीपीएलची तिसरी आवृत्ती आहे. समजा, सांगली जिल्ह्यातला एक दूध संघ एखाद्या पुरवठादाराकडून त्याची भाड्याने चालणारी सेवा घेतो. पुरवठादार ईआरपीनेक्स्टच्या मूळ कोडमध्ये बदल करून त्यात दुधाचे बिल बसवतो: फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धेतर घन घटक) यांवरून दर, दर दहा दिवसांचे बिल, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. एके दिवशी गावच्या संस्थेचा सचिव तक्रार करतो, की फॅट दरपत्रकातल्या दोन टप्प्यांच्या मध्ये आले की उत्पादकाला सतत खालचाच दर लागतो. हे दरपत्रकात आहे, की कोडमध्ये पूर्णांक करताना होते आहे? संघाला ते पाहता येत नाही. दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेता येत नाही. पुरवठादाराने भाडे दुप्पट केले तर माहिती उचलून दुसरीकडे जाता येते, पण ती माहिती ज्या नियमांनी घडली ते नियम मागेच राहतात. सॉफ्टवेअर मुक्त, परवाना कॉपीलेफ्ट, तरी ज्यांच्या घरचा खर्च त्या बिलावर चालतो त्यांच्या वाट्याला त्या स्वातंत्र्यातले काय आले? पुरवठादाराने जीपीएलचे एकही कलम मोडलेले नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

ही फट चळवळीच्या लक्षात लवकर आली होती. २००२मध्ये अफेरो या कंपनीने फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या सल्ल्याने जीपीएलमध्ये एक जादा कलम घालून नवा परवाना काढला. पुढे जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना हे कलम कुठे बसवायचे यावर बराच खल झाला, आणि शेवटी १९ नोव्हेंबर २००७ रोजी एजीपीएलची तिसरी आवृत्ती स्वतंत्र परवाना म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे तेरावे कलम एवढेच सांगते: तुम्ही प्रोग्राममध्ये बदल केला असेल आणि लोक जाळ्यावरून त्या बदललेल्या प्रोग्रामशी संवाद साधत असतील, तर त्यांना त्या बदललेल्या आवृत्तीचा सोर्स विनाशुल्क मिळण्याची सोय ठळकपणे करून द्या. प्रत्यक्षात हे किती साधे आहे ते मॅस्टोडॉन या एजीपीएलखालच्या समाजमाध्यमाच्या कुठल्याही सर्व्हरवर दिसते. पानाच्या कडेला बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक आणि सोर्स कोडचा दुवा असतो. सर्व्हर चालवणाऱ्याने कोड बदलला असेल तर तो दुवा त्याने आपल्या रिपॉझिटरीकडे (कोडच्या साठ्याकडे) वळवायचा. अनुपालनाचा जो बागुलबुवा केला जातो, त्याचे प्रत्यक्ष रूप बहुतेक ठिकाणी एवढेच आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. त्यांतला सर्वांत गंभीर आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो मुक्त सॉफ्टवेअरच्या आतल्याच लोकांनी घेतलेला आहे. प्रोग्राम कोणत्याही हेतूने चालवण्याचे स्वातंत्र्य हे या चळवळीच्या चार स्वातंत्र्यांतले पहिले. परवान्याने वितरणावर अट घालावी, चालवण्यावर घालू नये. एजीपीएल ही सीमा ओलांडतो, आणि एकदा ती ओलांडली की उद्या कोणीही वापरावर कसलीही अट घालील. या युक्तिवादात तथ्य आहे आणि त्यातली भीती खरी ठरल्याचे उदाहरणही आहे. मोंगोडीबी या डेटाबेसमागच्या कंपनीने ऑक्टोबर २०१८मध्ये एजीपीएल सोडून स्वतःचा एसएसपीएल आणला. त्यात सेवा म्हणून प्रोग्राम देणाऱ्याने केवळ प्रोग्रामचा नव्हे, तर सेवेसाठी लागणाऱ्या बॅकअप, देखरेख, होस्टिंग अशा सगळ्या सॉफ्टवेअरचा सोर्स द्यावा अशी अट होती. ती पाळणे जवळजवळ अशक्य आहे. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणांनी तो परवाना नाकारला, आणि मोंगोडीबीने मुक्तस्रोत परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे मान्यतेसाठी केलेला अर्ज २०१९च्या मार्चमध्ये मागे घेतला.

पण या उदाहरणावरून एजीपीएलला दोषी धरता येत नाही, कारण दोहोंच्या अटी वेगळ्या पायावर उभ्या आहेत. एजीपीएल चालवण्यावर अट घालतच नाही. मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालवा, लाखो लोकांना त्यावरून सेवा द्या, पैसे घ्या. तेरावे कलम तुम्हाला काहीही करायला सांगत नाही. प्रोग्राम बदला आणि तो फक्त स्वतःसाठी ठेवा, तरीही नाही. बदल आणि दुसऱ्यांचा वापर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ते लागू होते, आणि मागते तेही त्याच प्रोग्रामचा सोर्स, शेजारच्या सॉफ्टवेअरचा नाही. याहून मूळचा प्रश्न असा, की दूध संघाचे बिल माझ्या सर्व्हरवर तयार होत असेल तर तो माझा ‘खासगी वापर’ कसा? संगणक माझा आहे, वीजही माझी आहे, पण काम संघाचे आहे, आकडे संघाचे आहेत, आणि चुकीचा भुर्दंड बसणार आहे तो दूध घालणाऱ्याला. १९९१मध्ये यंत्राचा मालक आणि कामाचा धनी बहुधा एकच असायचा, म्हणून ‘जो चालवतो तो वापरकर्ता’ ही व्याख्या पुरेशी होती. आज त्या दोन व्यक्ती वेगळ्या झाल्या आहेत. त्यांतल्या एकीलाच वापरकर्ता मानायचे आणि तिचेच स्वातंत्र्य जपायचे, हा निर्णय तटस्थ कसा म्हणता येईल?

बीएसडी, एमआयटी अशा परवानगीशील परवान्यांच्या बाजूने बोलणारेही याच ठिकाणी अडतात. अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही संचालन प्रणाली बीएसडी परवान्याखाली आहे. इंटेलने ती आपल्या प्रोसेसरमधल्या व्यवस्थापन यंत्रणेत घातली आणि २०१७मध्ये ही गोष्ट टॅनेनबॉम यांना बातम्यांतून कळली. इंटेलला लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी कंपनीने सौजन्य म्हणून कळवायला हवे होते एवढेच म्हटले, आणि बर्कली (म्हणजे बीएसडी) परवाना संभाव्य वापरकर्त्यांना सर्वाधिक स्वातंत्र्य देतो या आपल्या मताला यातून पुष्टीच मिळाली, असेही नोंदवले. टॅनेनबॉम यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि आपल्या कामाचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच. पण त्या वाक्यातला वापरकर्ता इंटेल आहे. ज्याच्या टेबलावर तो संगणक आहे, ज्याला आपल्या यंत्रात ही प्रणाली चालते हे ठाऊकही नाही आणि ती तपासता किंवा बंद करता येत नाही, तो त्या वाक्यात मोजलेला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: एजीपीएल पाहिला की कंपन्या पाठ फिरवतात. हे खरे आहे. गूगलच्या जाहीर धोरणात एजीपीएलखालचा कोड वापरायला मनाई आहे, आणि इतरही अनेक कंपन्यांचे कायदेविभाग तसेच वागतात. लायब्ररीच्या बाबतीत मी हा मुद्दा पूर्ण मान्य करतो. जी गोष्ट इतरांच्या प्रोग्राममध्ये मिसळूनच उपयोगी पडते आणि जिचा प्रसार हेच उद्दिष्ट आहे, तिला कडक कॉपीलेफ्ट लावून फायदा नाही. ऑग व्हॉर्बिस या ध्वनिस्वरूपाचा प्रसार व्हावा म्हणून खुद्द जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या लायब्ररीसाठी बीएसडी पद्धतीच्या परवान्याला पाठिंबा दिला होता. फ्रॅपेचे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली, ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली आणि फ्रॅपे सीआरएम, हेल्पडेस्क यांसारखी नंतरची उत्पादने एजीपीएलखाली आहेत. फ्रेमवर्क आणि अॅप्लिकेशन यांना एकच मोजपट्टी लावू नये, हे यावरून दिसते. पण संपूर्ण वेब अॅप्लिकेशनचे काय? एखाद्या ग्रंथालयासाठी, नगरपालिकेसाठी, शाळेसाठी लिहिलेल्या प्रोग्रामला गूगलने आत घ्यावे ही त्याच्या यशाची कसोटी कधीपासून झाली? नेक्स्टक्लाउड हे फाइली साठवण्या-वाटण्याचे सॉफ्टवेअर एजीपीएलखाली आहे आणि २०१८मध्ये जर्मनीच्या संघीय आयटी केंद्राने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी त्याची निवड केली. बेंगळुरूच्या झिरोधामध्ये घडलेले लिस्टमंक हे मेलिंग सॉफ्टवेअरही एजीपीएलखाली आहे. जो कोड बंदिस्त करता येणार नाही म्हणून घेतला जात नाही, तो न घेतला जाण्यात वापरकर्त्याचे नेमके काय जाते, याचे उत्तर हा आक्षेप घेणाऱ्यांकडून मला अद्याप मिळालेले नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हारी लागणारा वाटतो, कारण तो वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. एजीपीएलचा वापर अनेक कंपन्यांनी धाक म्हणून केला आहे: कोड एजीपीएलखाली ठेवायचा, त्याची भीती वाटणाऱ्या ग्राहकाला व्यापारी परवाना विकायचा, आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पॅचवर (कोडमधल्या बदलावर) असा करार सही करून घ्यायचा की कंपनी त्याचा कोणताही परवाना ठरवू शकेल. या मांडणीत कॉपीलेफ्ट सर्वांना बांधतो, एका मालकाला सोडून. प्रताधिकाराच्या मालकावर त्याचा स्वतःचा परवाना बंधनकारक नसतो, हे तत्त्व फार थोडे लोक लक्षात घेतात. मोंगोडीबीला एजीपीएलवरून एसएसपीएलवर एका दिवसात उडी मारता आली ती यामुळेच. रेडिसला तर करार नसतानाही आधीचा कोड बंद परवान्याखाली नेता आला, कारण बीएसडी तशी मुभा सगळ्यांनाच देतो.

या आक्षेपाचे उत्तर परवान्यात नाही, प्रताधिकाराच्या मालकीत आहे. प्रत्येक योगदान देणाऱ्याने आपला प्रताधिकार स्वतःकडेच ठेवला आणि पॅच फक्त एजीपीएलखाली दिला, तर प्रकल्प सुरू करणाराही इतरांच्या कोडपुरता त्याच परवान्याने बांधला जातो. लिनक्स कर्नल गेली तीन दशके याच मार्गाने चालले आहे. हजारो मालक असल्यामुळे त्याचा परवाना कोणी एकटा बदलू शकत नाही. वेब अॅप्लिकेशनमधले उदाहरण नेक्स्टक्लाउडचे. २०१६मध्ये फ्रँक कार्लिचेक आणि त्यांचे सहकारी ओनक्लाउडमधून बाहेर पडले, तिथला एजीपीएल कोड घेऊन त्यांनी नवा प्रकल्प सुरू केला, आणि योगदानासाठी प्रताधिकाराचा करार घेणे बंद केले. आज नेक्स्टक्लाउड कंपनीने मनात आणले तरी तिला तो सगळा कोड बंद करता येणार नाही. ‘एजीपीएल म्हणजे कंपन्यांचा डाव’ असे म्हणणाऱ्यांनी परवान्याची फाइल वाचून थांबू नये. पॅच पाठवताना कशावर सही करावी लागते तेही पाहावे. एखादा प्रकल्प पॅचच्या मोबदल्यात एकतर्फी करार मागत असेल तर त्याला पॅच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुसता सोर्स मिळून काय उपयोग, माहिती आणि सर्व्हर तर त्यांच्याकडेच, असेही म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. माहितीवरचा हक्क हा वेगळा प्रश्न आहे आणि परवाना तो सोडवत नाही. पण दूध संघाच्या उदाहरणात संघाकडे माहिती आधीच होती; नव्हता तो फक्त तिच्यावर चालणारा हिशेब. शिवाय सर्व्हरवर प्रत्यक्ष चालणारा कोड आणि दाखवलेला कोड एकच कशावरून, ही शंकाही रास्त आहे. ती निर्विवाद मिटत नाही. तरी खोटा कोड दाखवणे म्हणजे प्रताधिकाराचा भंग करणे, आणि काहीच न दाखवण्यापेक्षा त्याची जोखीम कितीतरी मोठी आहे. अंमलबजावणी होतच नाही, हेही खरे नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये ट्रूथ सोशल हे डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचे संकेतस्थळ मॅस्टोडॉनच्या कोडवर चालत असल्याचे आढळले, आणि सोर्सचा पत्ता नव्हता. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने हे जाहीरपणे दाखवून दिले, मॅस्टोडॉनने रीतसर पत्र पाठवले, आणि पुढच्याच महिन्यात त्या संकेतस्थळावर सोर्सची फाइल आली. पहिल्यांदाच नियमभंग करणाऱ्याने नोटिशीपासून ३० दिवसांत चूक सुधारली तर त्याचे हक्क परत मिळतात, अशी तरतूद परवान्यातच आहे. जीपीएल असता तर मॅस्टोडॉनला ते पत्र कोणत्या आधारावर लिहिता आले असते?

सरकारी सॉफ्टवेअरबाबत हा विचार आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. केंद्र सरकारचे मुक्तस्रोत स्वीकाराचे धोरण २०१५चे आहे. पण ‘कोड खुला केला’ एवढ्यावर समाधान मानण्याची सवय त्यामुळे मोडलेली नाही. २६ मे २०२० रोजी आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड अॅपचा कोड अपाचे या मोकळ्या परवान्याखाली खुला झाला तेव्हा त्याचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या दिवशी सर्व्हरचा कोड त्यात नव्हता, आणि लोकांच्या माहितीचे पुढे काय होते हे ठरत होते ते सर्व्हरवरच. करदात्यांच्या पैशातून लिहिलेले नगरपालिकेचे कर आकारणीचे सॉफ्टवेअर उद्या एखाद्या ठेकेदाराने घेऊन, बदलून, दुसऱ्या नगरपालिकेला सेवा म्हणून विकले, तर तिथल्या नागरिकाला आपला घरपट्टीचा आकडा कसा निघाला ते पाहता आले पाहिजे. एमआयटी, अपाचे आणि जीपीएल या तिघांच्याही हाताखाली ते राहून जाते.

ज्यांचा प्रकल्प आधीच सुरू आहे त्यांनाही वाट बंद नाही. जीपीएल आणि एजीपीएल यांच्या तिसऱ्या आवृत्त्यांमध्ये एकमेकींचा कोड एका प्रोग्राममध्ये जोडण्याची तरतूद आहे, त्यामुळे जीपीएल तीनच्या प्रकल्पात नवा भाग एजीपीएलखाली घालता येतो. ‘दुसरी किंवा नंतरची आवृत्ती’ असे लिहिलेला प्रकल्प आधी तिसरीवर जाऊन तेच करू शकतो. अपाचे आणि एमआयटीखालचा कोडही घेता येतो. अडकतो तो फक्त ‘दुसरीच आवृत्ती’ असे लिहून बसलेला प्रकल्प. त्याला प्रत्येक योगदान देणाऱ्याची संमती गोळा करावी लागते, किंवा ज्याची मिळाली नाही त्याचा भाग नव्याने लिहावा लागतो. म्हणून परवान्याच्या फाइलमध्ये आवृत्तीपुढे ‘किंवा नंतरची’ हे शब्द पहिल्या पॅचच्या आधी असावेत.